रंग आत उतरतो

८ नोव्हेंबर

आज घोडा रंगवला. जिवंत, उभा, मधूनमधून शेपूट मारणारा. घरी आल्यावर आईने माझी नखं बघितली आणि म्हणाली, "मेल्या, आता घोडे रंगवतलंस? देव रंगवून झाले?" शेजाऱ्यांशी ती वर्तमानपत्रासारखं बोलते, पण मी नवीन काम धरलं की तिची मालवणी बाहेर येते. म्हणजे वर्षातून तीन-चारदा.

काम विद्याधरमुळे मिळालं. आम्ही दोघं भांडुपच्या गणपतीच्या कारखान्यात होतो, तो साच्यावर, मी शेडिंगला. गणपती गेले की मी दुसरं काहीतरी बघतो. मागच्या वर्षी गोव्याला शॅकवर होतो, त्याआधी हंपीला सायकली भाड्याने द्यायच्या दुकानात, त्याआधी बारावीत. विद्याधर सध्या मुलुंडला एका मालिकेच्या सेटवर प्लायवूडला दगडाचा रंग देतो. म्हणाला, "त्यांना घोडा रंगवायला माणूस पाहिजे. मी दगडच रंगवतो रे, ते लाथ मारत नाहीत."

सेट एलबीएस रोडला, बंद पडलेल्या औषधांच्या कारखान्यात. पुढे प्लायवूडचा किल्ला, मागे बॉयलरच्या शेडमध्ये तबेला. मालिका एका सरदाराची, तिसरं वर्ष चालू आहे. त्याच्या घोड्याचं नाव मालिकेत मेघ, तबेल्यात बाबू. गोची अशी की पहिल्या वर्षी बाबू गडद करडा होता, अंगावर रुपयाएवढी फिकी वर्तुळं. आता तो जवळजवळ पांढरा झालाय. आणि नेमकं आता सरदाराचं तरुणपण दाखवायचं ठरलंय. सरदार तरुण झाला आणि घोडा म्हातारा, असं लोक कमेंटमध्ये लिहायला लागले म्हणे.

मी स्पंजच्या गोल चकत्या कापल्या, त्या धरून वर्तुळं वाचवली आणि बाकी अंगावर पंपाने मेकअपचा करडा रंग मारला. पाण्याने निघतो तो. सोंडेला शेडिंग देतात तसंच, फक्त ही सोंड हलते. सुबोध सर, म्हणजे दिग्दर्शक, लांबून बघून म्हणाले, "झकास. उद्यापासून ये."

बाबूने पूर्ण वेळ डोळे मिटून घेतले होते. आवडलं असावं त्याला.

१२ नोव्हेंबर

घोड्यांचे मालक नंदकिशोर, सगळे त्यांना नंदूशेठ म्हणतात. लग्नसराईत वरातीला घोडे देतात, बाकी वेळ मालिकांना. कायम खालच्या आवाजात बोलतात. इथे सगळे ओरडत असतात, त्यामुळे त्यांचंच जास्त ऐकू येतं.

आज त्यांनी मला रंग शिकवले. अंग तांबूस आणि आयाळ-शेपूट काळी, तो कुमैत. पूर्ण काळा तो मुश्की. जन्मापासून पांढरा आणि कातडी गुलाबी, तो नुकरा.

"मग बाबू नुकरा?" मी विचारलं.

"त्याला भिजव आणि बघ."

भिजवलं. केस चिकटले आणि खालची कातडी दिसली. पाटीसारखी काळी. मी पाइप तसाच धरून राहिलो.

"जन्मला तेव्हा कोळसा होता," नंदूशेठ म्हणाले. "दर वर्षी थोडा थोडा उजळला. ही जातच तशी. वरातीला पांढरा म्हणून जे घोडे फिरतात ना, त्यातले बरेचसे असेच. काळे जन्मलेले."

"पण मग केसांतला काळा गेला कुठे?"

ते थोडं हसले. "रंग कुठे जात नसतो पोरा. आत उतरतो."

दिवसभर डोक्यात तेच. माझे आजोबा लालबागला गिरणीत रंगखात्यात होते. आई सांगते, काम सुटून पाच-सहा वर्षं झाली तरी त्यांच्या खोकल्यात निळं यायचं. खरं की आईचं काहीतरी, माहीत नाही. आजोबांना विचारायला हवं होतं, पण मी तेव्हा गोट्या खेळत होतो.

१६ नोव्हेंबर

दोन शॉटच्या मध्ये फोनवर वाचत बसलो. भारी आहे हे सगळं. घोड्याचे मूळ रंग दोनच, काळा आणि तांबडा. बाकी सगळे त्यावर चढवलेले. एक जीन काळ्याला फक्त आयाळ, शेपूट आणि पायांवर ढकलतो, मग कुमैत होतो. एक जीन रंगात पाणी घालतो, तांबड्याचा सोनेरी होतो. म्हणजे आमच्या कारखान्यासारखंच, आधी अस्तर, मग वरचा हात. तांबडा आणि तांबडी यांचं शिंगरू तांबडंच होणार, तिथे देवाचंही चालत नाही. आणि बाबूसारखं पांढरं होत जायचं असेल तर आईबापांपैकी एक तरी तसाच लागतो. त्या एका जीनपुढे बाकीचे सगळे गप्प. खाली कुठलाही रंग असू दे, तो हळूहळू पुसून काढतो.

त्याखाली "या घोड्यांचे आजार" असं मोठं काहीतरी होतं. पण बाजूलाच एक व्हिडिओ दिसला, कुठल्यातरी राजाच्या तबेल्यातली काळी शिंगरं आणि त्यांच्या पांढऱ्या आया. तो बघता बघता शॉट लागला. बाकीचं उद्या वाचतो.

जान्हवी ते वाचायला डोकावत होती. ती बोरिवलीहून येते, सरदाराचं काम करणाऱ्या हिरोच्या जागी घोड्यावर ती बसते. दाढी लावली की कळत नाही. हिरोला घोड्याची ॲलर्जी आहे. म्हणजे तो तसं सांगतो. जान्हवी म्हणते, "ॲलर्जी नाही, उंची." मार्चमध्ये ती दुसऱ्या एका घोड्यावरून पडली होती, अजून जिना चढताना डावा पाय जपते.

२३ नोव्हेंबर

शेपटीला रंग देताना शेपूट वर केली तर खाली काळे दाणे. चिकूच्या बिया असतात ना, तसेच गुळगुळीत, सात-आठ एका ठिकाणी. गोचीड वाटली म्हणून चिमटीत धरला तर कातडीच्या आतून आलेला. बाबूने मागचा पाय उचलला, मारला नाही.

नंदूशेठना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि शेपूट हळूच खाली सोडली. "उतरायला लागला," म्हणाले. "आधी इथेच उतरतो. कुणाला दाखवू नकोस, लोकांना नजर लावायची सवय असते."

म्हणजे ते खरंच बोलत होते. केसांतला काळा इथे साठतोय. हे चांगलं की वाईट ते ठरवता येईना. नंदूशेठनी स्वतः शेपटीची वेणी घातली आणि वरून लाल फडकं बांधलं. उद्यापासून ते माझं काम.

२९ नोव्हेंबर

आज घोडे तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. शूटिंगमध्ये जनावर वापरायचं तर परवानगी लागते, त्यासाठी. नंदूशेठ म्हणाले होते, त्या यायच्या आधी बाबू तयार पाहिजे, पूर्ण रंग, पूर्ण साज. मी उजाडायच्या आत गेलो. आजवरचं सगळ्यात सुंदर काम झालं. मांडीवरची वर्तुळं तर अशी की हात लावून बघावंसं वाटेल.

बाईंनी छातीला नळी लावली, पाय उचलून बघितले, दात बघितले. बाबू गरिबासारखा उभा. मग म्हणाल्या, "शेपूट का बांधलीय?"

नंदूशेठ खूर बघायला वाकले. मी म्हणालो, "कंटिन्युइटी, मॅडम. कालच्या सीनमध्ये बांधलेली आहे. सोडली तर परत तश्शी बसत नाही."

त्या हसल्या. "तुमची कंटिन्युइटी. माझ्या घरी पण सगळे रात्री तेच बघत बसतात." आणि सही केली.

हा शब्द कुठेही चालतो. उद्या पोलिसाने अडवलं तर त्यालाही सांगणार आहे. नंदूशेठनी पाठीवर हात ठेवला आणि विद्याधरला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगा हुशार आहे."

७ डिसेंबर

बाबूच्या जबड्यामागे, गळ्याच्या उजव्या अंगाला लिंबाएवढी गाठ आलीय. ती तिथे आधीपासून होती आणि मी वरून रंग मारत होतो की आत्ता आली, आठवत नाही. रोज हात फिरवतो, तरी.

जान्हवी आज सुबोध सरांना म्हणाली, "पळवला की हा वाजतो. पेटीचा भाता फाटल्यासारखा." सर म्हणाले, "आवाज नंतर डबिंगमध्ये टाकतो आपण, काळजी करू नकोस." ती म्हणाली, "मी आवाजाचं नाही बोलत." पण तोवर सर वळले होते.

कॅमेऱ्यात गाठ दिसेल म्हणून मी डोकं लावलं. गोंड्यांचा गळपट्टा. केशरी लोकर, मध्ये पितळी घुंगरू, रुंद, जबड्यापासून अर्ध्या मानेपर्यंत. सगळ्यांना आवडला. कॉस्च्यूमवाल्या गंधालीने फोटो काढून तिच्या ग्रुपवर टाकला. जान्हवी तेव्हा किल्ल्याच्या मागे दाढी काढत होती, तिने फक्त गोंडे बघितले. म्हणाली, "वरातीला चाललाय का?"

तिला गाठीचं सांगितलं नाही. नंदूशेठ कुणाला दाखवू नको म्हणाले होते ते शेपटीबद्दल, पण त्यात हेही आलंच.

१० डिसेंबर

गळपट्ट्याचा पट्टा पुरेना, बाबूची मान भरलीय. गोवंडीला चामड्याचं काम करणारे आहेत, तिकडे गेलो. दुकान सापडायच्या आधी वर बघितलं आणि तिथेच थांबलो. कचऱ्याच्या डम्पिंगच्या बाजूला आकाशात घारी. इतक्या घारी एका जागी मी कधी बघितल्या नव्हत्या. एकमेकींना न धडकता गोल फिरत होत्या, कुणी पंखही हलवत नव्हतं. मी एका गॅरेजच्या कठड्यावर बसून राहिलो. गॅरेजवाला म्हणाला, "काय शोधतोस?" मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "त्यापण." मग दुकान बंद झालं.

पट्टा नाही मिळाला. जुनाच एक भोक पुढे ओढून बसवला. घट्ट होतो, पण बसतो.

१५ डिसेंबर

मोठी बातमी. तरुणपण संपवून मालिका थेट सरदाराच्या शेवटावर उडी मारणार. शेवटची दौड: जखमी सरदार किल्ल्याच्या दाराकडे घोडा फेकतो आणि दारातच घोडा आणि सरदार दोघं कोसळतात. त्यानंतर मुलाची गोष्ट सुरू.

चहाच्या टपरीमागे मी ब्रश धूत होतो. पलीकडे सुबोध सर आणि नंदूशेठ बोलत होते.

"पडायचं शिकवलेला घोडा नाही तुमच्याकडे?" सर.

"शिकवायची गरज नाही. बाबू देईल."

"मला खोटं नकोय. आणि परवानगीत घोडा पाडतोय असं लिहिता येणार नाही."

"लिहू नका. घोडा धावतो, एवढंच लिहा. धावेल." मग कप ठेवल्याचा आवाज. "एकच टेक मिळेल पण. कॅमेरे जास्त लावा."

किती विश्वास आहे बघा त्यांचा बाबूवर. मी म्हणतो ना, माणूस जनावराला ओळखतो ते असं.

संध्याकाळी टेम्पोतून नवा घोडा उतरवला. चारेक वर्षांचा, गडद करडा, मांडीवर नुकती वर्तुळं फुटायला लागलेली. थेट पहिल्या वर्षीचा बाबू. मी म्हटलं, "शेठ, हा कशाला? मी आहे ना रंगवायला." ते म्हणाले, "मुलाच्या गोष्टीत घोडा लागेलच की." बरं झालं, बाबूला सोबत. दोघांनी एकमेकांना हुंगलं. नव्याने लगेच बाबूच्या गव्हाणीत तोंड घातलं, बाबूने घालू दिलं.

१९ डिसेंबर

वाट लागली.

शॉटनंतर गळपट्टा मी काढतो, आज मी पंप साफ करत होतो म्हणून जान्हवीने काढला. मागून तिचा आवाज आला, "प्रांजल, इकडे ये."

गाठ आता मोसंब्याएवढी. पट्ट्याखाली रंग पुसला गेला होता आणि एका ठिकाणी कातडी फुटून काळं आलं होतं. रक्त नाही. डांबरासारखं. तिच्या बोटांना लागलं होतं.

"हे कधीपासून आहे?"

"थोडे दिवस."

"आणि तू वरून गोंडे लावलेस."

मी तिला नंदूशेठचं सांगितलं, केसांतला रंग आत कसा उतरतो ते. शेपटीखालचंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हा कॅन्सर आहे, गाढवा. मी शिकले त्या क्लबात एक पांढरी घोडी होती, तिला हेच झालेलं. या रंगाच्या घोड्यांना म्हातारपणी होतोच बहुतेक. शेपटीखाली असेल तर वर्षानुवर्षं जगतात. गळ्यात वाढला तर श्वासनळी दाबतो. हा का वाजतो, कळलं आता? एक दिवस पूर्ण स्पीडला याला हवा मिळणार नाही. तेव्हा तो बसणार नाही हळूच. कोसळणार. आणि वर जो असेल तो त्याच्याखाली."

"शेवटच्या दौडीत तूच आहेस ना," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं तिला तेव्हा कळलं काहीतरी, मला नाही कळलं काय.

तिथून ती सरळ सरांकडे गेली. अर्ध्या तासाने बॅग घेऊन निघाली. गेटवर मला म्हणाली, "त्याला धू. सगळ्यांसमोर धू आणि गाठ दाखव. तुझ्या रंगाखाली कुणाला काही दिसत नाहीये." मी म्हटलं, बघतो.

नंदूशेठ म्हणतात, मार्चमध्ये पडल्यापासून पोरगी घाबरलीय, कारण शोधत होती. असेल. पण काळं मीही बघितलंय.

२२ डिसेंबर

धुतलं. भर दुपारी, किल्ल्याच्या पटांगणात, सगळे जेवत असताना. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी ठरवून केलं. पाइपमधून आधी करडं पाणी, मग फिकं, मग स्वच्छ. बाबू उन्हात पांढरा उभा राहिला आणि लोकांचं जेवण थांबलं. खोटं नाही सांगत, तो इतका पांढरा आहे हे मीच विसरलो होतो.

सुबोध सर ताट ठेवून आले. मी गाठीवर बोट ठेवलं. "सर, हे बघा. जान्हवी म्हणत होती ते."

ते जवळ आले, वाकले, नीट बघितलं. मग नंदूशेठकडे बघितलं. नंदूशेठ खाली बघत होते. सर चार पावलं मागे गेले, दोन्ही हातांची चौकट करून त्यातून बाबूला बघितलं आणि म्हणाले, "शेवटच्या दौडीला हा असाच पाहिजे. पांढरा. मरणाच्या दारात घोड्याचासुद्धा रंग उडालाय." मग जाता जाता, "गळ्याला ते गोंडे ठेव. पांढऱ्यावर केशरी खुलेल."

म्हणजे त्यांनी बघितलं. मी लपवलं नाही, दाखवलं, आणि त्यांनी बघितलं. डॉक्टरीणबाईंची सही आहेच. आता माझ्या हातात काय राहिलं?

जान्हवीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "गोंडे परत लावलेस?" मी म्हटलं, "सरांनी सांगितलं." तिने फोन ठेवला.

२४ डिसेंबर

विश्वास बसत नाही. शेवटच्या दौडीत मी बसतोय.

नंदूशेठनीच सुचवलं. रोज शॉटनंतर बाबूला थंड करायला मी त्याच्यावर बसून फेऱ्या मारतो, त्यांनी बघितलंय. "बाबू तुला ओळखतो. आणि तू हलका आहेस," म्हणाले. सरांनी मला अंगरखा घालून उभं केलं. जान्हवीच्या मापाचा, खांद्यात थोडा उसवला की झालं. दाढी लावली. आरशात मी नव्हतोच, कुणीतरी होता ज्याला बघून लोक उठून उभे राहतील.

आईला सांगितलं. मालवणी नाही आली. म्हणाली, "आधी कधी पळवलायस घोडा?"

"शिकवणार आहेत."

"शिकवा म्हणावं आधी."

विद्याधरने अभिनंदन केलं नाही. दगडांवर शेवाळाचा हिरवा रंग मारत होता, मारत राहिला. मग म्हणाला, "त्यांच्याकडे बसणारी दुसरी माणसं नाहीत का रे? एवढ्या लांबून कोल्हापूरहून येतात पोरं घोड्यावर बसायला. मग तूच का?" जळतो. पण प्रश्न बरोबर आहे. मी नंदूशेठना विचारला. ते म्हणाले, "ती पोरं हजार प्रश्न विचारतात."

२८ डिसेंबर

सराव फक्त दुडक्या चालीचा. पूर्ण धाव एकदाच, टेकला. बाबूला उगाच दमवायचं नाही म्हणतात नंदूशेठ. मला पूर्ण धाव कशी असते तेच माहीत नाही, पण एकदाच असेल तर शिकून तरी काय. पुढे झुकायचं, आयाळ धरायची, दारातून आत गेलं की लगाम सोडायचा. बाकी बाबू करेल.

बाबू खात नाहीये. कडबा तोंडात धरून उभा राहतो, विसरल्यासारखा. पाणी प्यायला आणि त्यातलं थोडं नाकातून परत आलं, हिरवट. मी बादलीकडे बघत राहिलो. सांगायला गेलो तर नंदूशेठ नव्या घोड्याचे खूर कापून घेत होते. "थंडी आहे," म्हणाले.

मला भीती वाटते का? वाटते. परवापासून झोपेत मी सारखा दारातून आत जातोय आणि दार संपतच नाही. पण गोव्याला पहिल्यांदा समुद्रात उतरलो तेव्हाही अशीच वाटली होती. आणि मी काय करणार, परत गणपतीची वाट बघत बसणार? एकदा तरी काहीतरी शेवटापर्यंत करायचंय.

३० डिसेंबर

जान्हवी घरी आली. आई होती म्हणून आधी पोह्यांचं कौतुक केलं, मग आई आत गेल्यावर चप्पल न घालताच मला जिन्यात ओढलं.

"परवानगीवाल्यांशी बोललेय मी. ते म्हणतात, तपासणीत घोडा ठीक होता, आता नवीन काही असेल तर फोटो द्या. गाठीचा, गोंड्यांशिवाय. मला गेटमधून आत सोडत नाहीत. तू काढ आणि पाठव. एवढंच कर. शूटिंग थांबेल."

"थांबेल म्हणजे माझा सीन जाईल."

"तुझा सीन." ती पायरीवर बसली. "प्रांजल, त्यांना घोडा पडतानाच पाहिजे. ते थांबलेत त्यासाठी. तुला खरंच दिसत नाहीये?"

"सरांनी स्वतः गाठ बघितलीय. डॉक्टरने सही केलीय."

"डॉक्टरने तुझा रंग बघितलाय."

ती गेल्यावर आई म्हणाली, "चांगली मुलगी आहे. रडत होती का?" मी म्हटलं, नाही, तिला जिना चढताना पाय दुखतो.

१ जानेवारी

फोटो काढला. गोंडे सोडून, उजेडात, बाजूला माझा हात ठेवून, म्हणजे आकार कळावा. हातात मावत नाही आता. फोटो चांगला आलाय. पाठवायचं बटण दाबायला घेतलं आणि थांबलो. उद्या सकाळी तर शॉट आहे. एका धावेचा प्रश्न. झालं की लगेच पाठवतो. बाबूवर उपचार सुरू होतील, मला माझा सीन मिळेल, जान्हवीचंही म्हणणं राहील. कुणाचंच काही जात नाही यात.

२ जानेवारी

किल्ल्याच्या मागे बसून लिहितोय. अंगरखा, दाढी, कपाळावर खोटं रक्त. माझ्यासाठी वाळूचा जाड थर टाकलाय दारात. कॅमेरे मोजले नाहीत पण जिथे बघावं तिथे आहेत, एक तर जमिनीत खड्डा करून ठेवलाय, वर तोंड करून. सगळे आज माझ्याशी फार चांगलं वागतायत. गंधालीने स्वतःच्या डब्यातला शिरा दिला. नंदूशेठ रात्रीपासून इथेच आहेत.

सकाळी साज चढवताना बघितलं तर बाबूचा रोजचा लगाम आणि खोगीर नव्या घोड्याच्या अंगावर. भोकं पाडून त्याच्या मापाची करून घेतलेली. बाबूला कुठूनतरी आणलेलं जुनं खोगीर दिलंय, एका बाजूची शिवण गेलेली. मी विचारलं तर नंदूशेठ म्हणाले, "चांगलं सामान कशाला खराब करायचं."

वाळूने खराब होईल म्हणत असतील.

बाबू सकाळपासून मान लांब करून उभा आहे, खाली घेतच नाही. बाजूला गेलो तर तोंड माझ्या पाठीवर टेकवलं. त्याच्या श्वासाला आता शिट्टीसारखा आवाज येतो, आत घेताना. मी गळपट्टा एक भोक सैल केला होता, नंदूशेठनी येऊन परत आवळला. पांढऱ्यावर केशरी खरंच खुलतंय.

जान्हवीचे चार फोन येऊन गेले. फोटो तयार आहे, फक्त बटण दाबायचंय. फोन विद्याधरकडे देऊन ठेवतोय, अंगरख्याला खिसा नाही. त्याला सांगितलंय, मी दारातून परत आलो की दे.

हाक आली.